गावाबाहेर घर बांधले म्हणजे प्रकृती सुधारते का?

"डॉक्टर, पेठेतली दाटी आता सोसवत नाही. बायपासला दोन गुंठे घेतोय. मोकळ्या हवेत मंडळींचा दमा तरी आटोक्यात येईल." असे सांगणारे महिन्याकाठी दोघे-तिघे तरी भेटतात. दाट वस्तीत, फ्लॅटमध्ये राहिले की माणूस आजारी पडतो आणि लांब, सुट्या घरात गेला की बरा होतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यावर लोक आयुष्यभराची पुंजी लावतात, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे.

हा समज पणजोबांच्या काळापासूनचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे तो गावोगाव पसरला. गावे ओस पडत आणि लोक माळावर झोपड्या घालून राहत. त्याने कितीतरी जीव वाचले, यात शंका नाही. पण प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले. माळावर गेलेल्यांनी धान्याच्या कोठ्या आणि त्यांतले उंदीर मागे सोडले होते, म्हणून ते वाचले. लोकांच्या लक्षात मात्र दाटी म्हणजे रोग एवढेच राहिले. २०२० च्या कोविडने त्यावर पुन्हा शिक्का मारला.

वाचकहो, एका एकरात किती घरे आहेत आणि एका खोलीत किती माणसे झोपतात, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. क्षयरोगाचे जंतू खोकल्यावाटे हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. रानातल्या एकट्या घरात आठ माणसे एका खोलीत निजत असतील, खिडकी लावलेली असेल आणि कोपऱ्यात चूल धुमसत असेल, तर सभोवतालच्या मोकळ्या रानाचा काही उपयोग नाही. उलट चार मजली इमारतीत चार माणसांना दोन खोल्या असतील आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळत असेल, तर ते घर कितीतरी निरोगी.

अर्थात कुठलीही इमारत चालेल असे नव्हे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर, त्यामुळे खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे क्षयरोग फार आढळला, तोही खालच्या मजल्यांवर अधिक. त्याच भागातल्या, पण इमारतींत जास्त अंतर ठेवलेल्या वसाहतीत तो बराच कमी होता. सगळीकडे पक्क्या इमारतीच होत्या. फरक अंतराचा आणि उजेडाचा. आपल्या गावातही आता एकमेकींना चिकटून इमारती उभ्या राहत आहेत, स्वयंपाकघराची खिडकी अंधाऱ्या डक्टमध्ये उघडते. तिथे घर घेऊ नका, असे मीही सांगतो.

आता बायपासच्या प्लॉटकडे वळू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद. गटाराची सोय नसल्याने प्रत्येकाचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आपापल्या प्लॉटमध्ये. नळ नाही म्हणून बोअरही तिथेच. तुम्ही बोअर पुढे आणि खड्डा मागे ठेवाल, पण शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरजवळ आला तर काय? पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि घरात कावीळ, विषमज्वर येतो.

टँकरच्या पाण्याने भरलेली पिंपे हे डेंग्यूच्या डासांचे माहेरघर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा पिंप घासावे लागते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटांत गाजरगवत माजलेले असते. दमेकऱ्याला त्याचा त्रास पेठेतल्या धुळीपेक्षा कमी होतो, असे मला तरी दिसलेले नाही!

सर्वांत जास्त हानी होते ती चालण्याची. पेठेत भाजी, वाणी, देऊळ, वाचनालय, दवाखाना सगळे पायाखालचे. नकळत रोज तास-दीड तास चालणे होते. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लांब राहायला गेले की कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडीला किक. घरातल्या म्हाताऱ्यांना तर गाडीही येत नाही. ती सून-मुलगा कामावरून येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहतात, बोलायला माणूस नाही. अशांची साखर आणि रक्तदाब वाढलेला मी अनेकदा पाहतो, आणि औषध वाढवण्यापलीकडे माझ्या हातात फार काही नसते.

तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा दुपारी जा आणि दिवा न लावता आत वर्तमानपत्र वाचता येते का पाहा. समोरासमोर खिडक्या आहेत का, नळ कुठून येतो, मैला कुठे जातो हे विचारा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर घेऊन तिथून दूध आणायला पायी जाऊन या. पेठेतलेच घर ठेवायचे ठरले, तर छपरात दोन काचेची कौले बसवून घ्या आणि माळ्यावरच्या अडगळीने अडवलेली खिडकी मोकळी करा. एवढे काम गवंडी दोन दिवसांत करून देतो.