काटोलला चंद्र किती वाजता

सकाळी सव्वासहा. सॉल्ट लेकमधल्या आमच्या गच्चीवरून सूर्य नुकता वर आलेला दिसतो. जानेवारीत कोलकात्याचा दिवस असा लवकर उजाडतो. मुंबईकरांना सूर्य दिसायला अजून तासभर आहे; घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, साडेब्याऐंशी रेखांशावरचं. इथे नोकरीला आल्यापासून मला हे रोज नव्यानं जाणवतं.

साडेसात. काटोलहून आईचा फोन. "आज संकष्टी आहे, लक्षात आहे ना? चंद्र किती वाजता?" भिंतीवरच्या कॅलेंडरात नागपूरची वेळ असते, काटोलची नसते. काटोल नागपूरच्या पश्चिमेला जेमतेम अर्धा अंश, म्हणजे फरक दोन मिनिटांचा. पण दिवसभराचा उपवास तिचा, तेव्हा वेळही तिच्याच गावची हवी. मला तिचं हे म्हणणं पटतं.

पावणेदहा. कचेरी. भारतीय हवामान खात्याचं हे पोझिशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी सेंटर. १९५५ मध्ये छोट्या नॉटिकल अल्मनॅक युनिटच्या रूपानं ते सुरू झालं आणि त्याचं पहिलं वार्षिक पुस्तक निघालं १९५८ सालाचं. सूर्य, चंद्र, ग्रह, तारे कोणत्या दिवशी कुठे असतील, ग्रहणं कधी लागतील, हे सगळं त्यात आगाऊ असतं.

दहा वाजता संगणकावर पुढचं साल उघडते. गणिताचा पाया अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहस्थितीचा आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परतवून मोजलेली अंतरंही त्यात मुरलेली आहेत. ही स्थिती एकसारख्या चालणाऱ्या काळात दिलेली असते, आणि पृथ्वी तर किंचित अनियमित फिरते. त्या काळात आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेल्या काळात आज सुमारे ६९ सेकंदांचा फरक पडला आहे. तेवढ्यात चंद्र ३८ विकला पुढे जातो. पुढच्या वर्षी हा फरक नेमका किती असेल ते कुणालाच आधी काढता येत नाही. अंदाजानं धरावा लागतो. ज्या पुस्तकात आपण विकलेच्याही खाली उतरतो, त्यात पृथ्वीच्या फिरण्याचाच अंदाज बांधायचा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

साडेअकरा. आता चंद्रोदय. माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

तिथीचं गणित एका अर्थी सोपं. चंद्र सूर्याच्या २१६ अंश पुढे गेला की वद्य चतुर्थी लागते. तो क्षण काटोललाही तोच आणि कोलकात्यालाही तोच. चंद्रोदय मात्र गावागणिक वेगळा, आणि संकष्टी पाळायची ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी. म्हणून कधीकधी देशाच्या एका टोकाला आज संकष्टी आणि दुसऱ्या टोकाला उद्या, असंही होतं. कुणाचं पंचांग चुकलेलं नसतं.

उगवणं म्हणजे बिंबाची वरची कड क्षितिजाला टेकणं. हवेतल्या वक्रीभवनामुळे बिंब ३४ कला वर उचललेलं दिसतं, आणि केंद्रापासून कडेपर्यंत सुमारे १६ कला. म्हणून सूर्य उगवलेला दिसतो तेव्हा त्याचं केंद्र खरं तर क्षितिजाच्या ५० कला खाली असतं. चंद्राचं तसं नाही. तो इतका जवळ आहे, की पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेली त्याची जागा आणि आपल्या अंगणातून दिसणारी जागा यांत क्षितिजाशी सुमारे ५७ कलांचा फरक पडतो. हे लंबन त्याला खाली ओढतं. चंद्राला उगवायला उशीर होतो तो असा. शिवाय तो थांबत नाही. वेळ काढावी, तर तोवर तो सरकलेला. मग नव्या जागेवरून पुन्हा वेळ, पुन्हा जागा. तिसऱ्या फेरीला आकडा स्थिरावतो.

कोलकाता आणि काटोल यांत रेखांशामुळे ३९ मिनिटं. तेवढ्यात चंद्र स्वतः मागे पडतो त्याचं दीडेक मिनिट, आणि काटोल जरा दक्षिणेला आहे त्याचं आज आणखी थोडं. आईला निरोप पाठवला: ९.०९.

दीड. डबा. समोरच्या बंगाली दिदींकडे दोन पंजिका येतात, जुन्या गणिताची आणि शुद्ध गणिताची. त्यांची दुर्गापूजेची वेळ कधीकधी दोन्हींत जुळत नाही. मी त्यांना पंचांगकर्त्या केतकरांबद्दल सांगते, टिळक पंचांगाबद्दल सांगते. आकाशात दिसेल तेच पंचांगात हवं, म्हणजे दृक्प्रत्यय, या एका शब्दासाठी आपल्याकडे पिढ्या भांडल्या. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते आणि 'केसरी'चे एकेकाळचे संपादक ज. स. करंदीकरही. या कचेरीचं काम त्याच समितीच्या शिफारशींवर उभं आहे.

अडीच. राष्ट्रीय पंचांगाच्या मराठी आवृत्तीची मुद्रितं. संगणक बेरीज चुकत नाही, पण एखादी जुनी फाइल जोडली जाते, किंवा छपाईत ३ चा ८ होतो. अशा वेळी जुनीच युक्ती कामी येते: लागोपाठच्या आकड्यांचे फरक काढा, त्या फरकांचे फरक, असं चार वेळा. आकडे बरोबर असतील तर शेवटी सगळं शांत होतं. एका जागी एकाची चूक असेल, तर तिच्या भोवती १, ४, ६, ४, १ अशा लाटा उठतात, चिन्हं आलटूनपालटून. एका अंकाचा खोटेपणा पाच ठिकाणी बोलतो.

चार. पत्रं. अमुक तारखेला अमुक गावी सूर्य किती वाजता मावळला? असा प्रश्न कोर्टकचेरीतूनही निघतो. महिलेला सूर्यास्तानंतर अपवाद सोडून अटक करता येत नाही, तेव्हा चार मिनिटांवर कुणाचा तरी हक्क टेकलेला असतो. अशा उत्तराखाली सही करण्याआधी मी अक्षांश-रेखांश पुन्हा एकदा नकाशावर पाहते.

सहा. घरी.

रात्री साडेआठ. गच्ची. कोष्टकात ८.२७, पण कोष्टकातलं क्षितिज समुद्रासारखं सपाट असतं आणि माझ्या पूर्वेला चौदा मजले आहेत. धुकंही आहे. पावणेनऊनंतर कठड्याच्या टोकाशी तांबूस कड दिसली.

आईला फोन लावला. "इकडे आला."

"आला? मग नऊ वाजून नऊला ना? भात आता टाकते."