टाळेबंदी : भय आणि एकाकीपणा

रोगापुढे राव आणि रंक सारखेच, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. २०२० सालच्या टाळेबंदीचा विचार करताना मला हे विधान अपुरे वाटते. विषाणू एकच होता; परंतु त्याचे भय आणि त्यातून आलेला एकाकीपणा वस्तीगणिक व वयागणिक निराळा होता. हे समजून घेण्यास शिवाजी पार्कचा परिसर पुरेसा आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सुमारे २८ एकरांचे मैदान ओस पडले आणि त्याभोवतालचा कट्टाही रिकामा झाला. हा कट्टा म्हणजे नुसती बसण्याची जागा नव्हे. तेथे रोज येणारे एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर त्यांची चौकशी होते. ज्यांची मुले परदेशी होती आणि घरकामाच्या बाईही येऊ शकत नव्हत्या, अशा वृद्धांच्या घरी खोल्या होत्या, औषधे होती, फोनही होता; नव्हती ती ही चौकशी. त्यांचे भय मरणाचे कमी आणि जवळ कोणी नसताना मरण्याचे अधिक असावे.

महापालिकेच्या ज्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्क येते, त्याच विभागात धारावीही आहे. तेथील पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. एका खोलीत सारे कुटुंब आणि शौचालय सार्वजनिक, अशा ठिकाणी अंतर राखायचे कसे? येथे माणसांचा नव्हे, एकांताचा तुटवडा होता. आपल्यामुळे घरच्यांना रोग होईल हे एक भय आणि हातचे काम गेले हे दुसरे. परप्रांतीय मजुरांची स्थिती याहून वेगळी. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढल्यावर वांद्रे स्थानकाबाहेर मोठा जमाव जमला. त्या गर्दीतला प्रत्येकजण एकाकीच होता. कारण ज्या शहरात राबलो तेथे आपले कोणी नाही, हे त्याला कळून चुकले होते.

आणि आपण तरुण? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले की, साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना अधिक बसली. भरल्या घरातही हे घडले, कारण या वयात माणूस स्वतःला ओळखतो तो बरोबरीच्यांच्या सहवासात.

तात्पर्य, एकांत आणि एकाकीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जवळ किती माणसे आहेत यावर एकाकीपणा ठरत नाही. आपली दखल घेणारे कोणी आहे का, यावर तो ठरतो. म्हणूनच ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. सामाजिक अंतर आपल्या देशाने शतकानुशतके पाळले आहे. हवे होते ते केवळ शारीरिक अंतर. ६ डिसेंबर २०२० रोजी, जेथे दरवर्षी लाखो अनुयायी येतात त्या चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन करण्यात आले होते. माणसे दूर राहिली, तरी संबंध तुटला नाही.

पुढची साथ येईल तेव्हा औषधांचा साठा लागेलच. पण कोणत्या दारामागे कोण एकटे आहे, हे ठाऊक असणारे शेजारीही तितकेच लागतील. आणि ती तयारी साथ नसतानाच करावी लागते.