यकृताचा जकात नाका

छातीत दुखू लागलं तर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका, असं डॉक्टर हृदयरोग्याला बजावून सांगतात. पाण्याबरोबर घेतली तर काय बिघडतं?

गिळलेली गोळी जठरातून आतड्यात जाते आणि तिथे रक्तात शोषली जाते. पण आतड्याचं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात येतं. यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका. अनोळखी रसायन दिसलं की त्यातला वाटा कापून घेतल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. प्रोप्रॅनोलॉल शिरेतून द्यायचं तर १ ते ३ मिलिग्रॅम पुरतं. गोळी मात्र बहुधा ४० मिलिग्रॅमची असते. मधल्या फरकाचा बराचसा हिशेब यकृताकडे लागतो.

सॉर्बिट्रेटचा थोरला भाऊ नायट्रोग्लिसरीन. ते गिळलं तर यकृतातच जवळजवळ संपतं. जिभेखालच्या शिरा मात्र मानेतल्या शिरांना मिळतात आणि रक्त यकृताला वळसा घालून हृदयात पोचतं. दोन-तीन मिनिटांत शिरा सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. रक्तदाबही उतरतो, म्हणून ही गोळी बसूनच घ्यावी. उभ्याने घेतली तर घेरी येऊन पडायची भीती. वियाग्रासारखी गोळी घेतलेल्याने तर हिच्या वाटेलाच जाऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवतात.

हेच नायट्रोग्लिसरीन डायनामाइटमधलं स्फोटक. ते १८४७ मध्ये आस्कानिओ सोब्रेरोने तयार केलं, १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने छातीतल्या कळेवर वापरलं. डायनामाइटवर गडगंज झालेल्या आल्फ्रेड नोबेललाही अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. नियतीच्या या थट्टेची गंमत त्याने मित्राला पत्रातून कळवली होती.

इन्शुलिनची अडचण यकृताच्याही आधीची. ते प्रथिन आहे. गिळलं तर डाळ-उसळीतल्या प्रथिनांसारखंच पचून जाईल. म्हणून १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते सुईनेच टोचलं, आणि आजही इन्शुलिन घेणारे बहुतेक मधुमेही सुईच टोचून घेतात.

म्हणजे सुई लागते ती वाट अडलेली असते म्हणून, किंवा घाई असते म्हणून. सुईतलं औषध जास्त 'पॉवरचं' नसतं. तरी आपल्याकडे साध्या तापालाही 'एक इंजेक्शन द्या की डॉक्टर' हा आग्रह असतोच. पॅरासिटामॉलची गोळी पोटातून उत्तम शोषली जाते, यकृतही तिच्यातला थोडाच वाटा कापतं. सलाईनचं आकर्षण तर त्याहून विनोदी: ५०० मिलिलिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. उलट्या थांबत नसतील तर ती बाटली जीव वाचवते. पण नुसत्या अशक्तपणावर पेज प्यावी, ती स्वस्तही पडते.

उलटा घोटाळा घरात होतो. आजोबांना गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात कुटून मधातून दिली जाते. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल ही अक्षरं असलेली गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी घडवलेली असते. ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. अशी गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बऱ्याच औषधांचं पातळ रूप बाजारात मिळतं.