परदेशस्थ विद्यार्थ्याची सुट्टी : तीन मराठी जीवनांच्या आधारे एक विचार

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांत आत्मपर वाङ्मय शिकविताना एक गोष्ट वारंवार जाणवते. परदेशी शिकलेल्या थोर व्यक्तींच्या पदव्या आणि सन विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु ती व्यक्ती तेथे काय जेवीत असे, थंडीत कशी राहत असे, सुट्टीचा दिवस कसा घालवीत असे, असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. चरित्रलेखनाने पदवीला महत्त्व दिले आणि दैनंदिनाला तळटीपेची जागा दिली, हे याचे एक कारण होय. वस्तुतः परदेशातील शिक्षणाने माणसात कोणते परिवर्तन घडविले, याचा पुरावा दैनंदिनातच अधिक सापडतो. त्यातही सुट्टीचा दिवस बोलका ठरतो, कारण त्या दिवशी वेळ कसा घालवावयाचा हे संस्था ठरवीत नाही. तो निर्णय विद्यार्थ्याची ऐपत, त्याचा स्वभाव आणि त्याचे ध्येय यांवर सोपविलेला असतो. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या साहाय्याने या मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ च्या जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. या तीन वर्षांचे अंतरंग त्यांच्या पत्रांतून आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून कळते. शाकाहार सांभाळण्यासाठी स्वतः रांधावयाचे, धुराने कोंदलेल्या खोलीत थंडी काढावयाची आणि त्यातूनच अभ्यासाला वेळ काढावयाचा, असा तो दिनक्रम होता. नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसावयास आरंभ केला. हा साधा बदलही पतीला कळवून त्याचे समर्थन करावे लागले. अशा विद्यार्थिनीला सुट्टी म्हणजे भ्रमण नव्हे, तर घर होते. रोझेल येथील कार्पेंटरबाईंना त्या ‘मावशी’ म्हणत, आणि सुट्टीत त्या मावशीच्या घरी परतणे हाच त्यांचा विसावा होता. परक्या भूमीत नाते निर्माण करण्यासाठी त्यांनी मराठी नातेसंबंधाचा शब्द वापरला, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचे. १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करीत होते. त्यांची सुट्टी बाहेर पडण्याची होती. ब्रिस्टलला राममोहन रॉय यांची समाधी पाहणे, स्कॉटलंडचा निसर्ग अनुभवणे, इंग्रजी कुटुंबांतील वागणूक न्याहाळणे, गरिबांसाठी चालणाऱ्या संस्था पाहणे, असा त्यांचा संचार होता. या संचारातील निरीक्षणे ते प्रार्थनासमाजाच्या ‘सुबोध पत्रिके’कडे पाठवीत. आनंदीबाईंची पत्रे प्रामुख्याने आप्तांसाठी होती. शिंद्यांच्या पत्रांना वाचकवर्ग होता. म्हणूनच त्यांच्या निवेदनात निरीक्षणापाठोपाठ तुलना येते आणि तुलनेपाठोपाठ आपल्या समाजाविषयीचा प्रश्न उभा राहतो. मायदेशी परतल्यावर १९०६ साली त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. त्या कार्याचे श्रेय केवळ विलायतेला देणे योग्य होणार नाही, कारण त्याची मुळे येथील अनुभवात होती. तथापि संस्था कशी चालते हे पाहण्याची दृष्टी सुट्टीतल्या भटकंतीने धारदार केली, असे म्हणता येते.

तिसरे उदाहरण या जिल्ह्याला जवळचे आहे. १९५४ साली भंडारा मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. येथे त्यांची आठवण निघते ती त्या पराभवाच्या संदर्भात. न्यूयॉर्क आणि लंडन येथील विद्यार्थी मात्र फारसा आठवला जात नाही. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, पुढे १९१६-१७ आणि १९२०-२३ लंडन, असा त्यांचा विद्यार्थिकाल होता. चरित्रकारांनी वर्णिलेले लंडनचे दिवस म्हणजे अपुरे जेवण, रात्री भाजलेला पापड आणि ग्रंथालय बंद होईपर्यंतचे वाचन. त्यांच्या जीवनात सुट्टी जवळजवळ नाहीच. जो वेळ इतरांना फिरण्यासाठी मिळतो, तो त्यांनी ग्रंथांना दिला. पैसा आणि मुदत दोन्ही मोजकी असल्यामुळे प्रत्येक दिवसाचा हिशेब त्यांना ठेवावा लागला. त्यांचे दारिद्र्य गौरविण्यापेक्षा त्या हिशेबामागील सामाजिक कारणे समजून घेणे, हे अभ्यासकाचे काम होय.

घर, संचार आणि ग्रंथालय अशी सुट्टीची तीन रूपे येथे दिसतात. लिंग, आर्थिक स्थिती आणि लेखनाचा अपेक्षित वाचक यांनी ती घडविली आहेत. तेव्हा परदेशातील विद्यार्थिजीवनाचे लेखन केवळ प्रवासवर्णनाच्या निकषांवर तपासणे अपुरे ठरते. प्रवासी पाहून परततो. विद्यार्थ्याला तेथे राहावे लागते, भाडे द्यावे लागते, आजारी पडावे लागते. त्याचे विस्मय लवकर ओसरतात आणि उरतो तो सवयींचा संघर्ष.

या विचाराला आजचे एक निकडीचे प्रयोजन आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे लहान गावांतील मुलामुलींनाही परदेशाची वाट खुली झाली आहे. पवनी वा तुमसर येथून गेलेली मुलगी आज आईशी दूरध्वनीवर चित्रासह बोलते. पत्र लिहिण्याचे तिला कारण उरलेले नाही. बोलणे झाले की ते विरते. आनंदीबाईंची खोली आपल्याला शंभराहून अधिक वर्षांनी दिसते, ती पत्रे जपली गेली म्हणून. या मुलीची खोली पुढील पिढीला कोठे दिसणार? आपल्या विद्यार्थ्यांना रोजनिशी ठेवावयास प्रवृत्त करणे आणि परतलेल्यांच्या आठवणी पदव्युत्तर लघुप्रबंधांतून नोंदविणे, एवढे तरी मराठी विभागांना करता येईल. पदवीची नोंद विद्यापीठ ठेवीलच. रविवारची नोंद मात्र आपणच ठेवावयास हवी.