कर्ज दिल्लीचे, जमीन आफारची

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा आहे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले आणि सुमारे 350 चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला. शेवगाव, नेवासे, पैठण, गंगापूरच्या गावांनी काळी रानं दिली; कालवे खाली मराठवाड्यात गेले. या कालव्यांसाठी जागतिक बँकेचे सवलतीचे कर्ज आले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला 1976 मध्ये, म्हणजे गावं उठल्यावर.

परक्या पैशावर धरणं-कालवे बांधणारा हा देश आता स्वतः कर्ज देतो. 2003 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंतसिंहांनी छोट्या देणगीदार देशांची मदत थांबवली आणि गरीब देशांना मदत देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यातून सवलतीच्या कर्जांची रीत रुळली. कर्ज देते मुंबईची एक्झिम बँक आणि व्याजातला फरक सोसते केंद्र सरकार. सर्वसाधारण नियमानुसार किमान 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. बँक पैसे थेट भारतीय कंत्राटदाराला देते. कर्जदार देशाच्या वाट्याला यंत्रं येतात आणि हप्ते. यात आपल्या कारखानदारीला बाजारपेठ मिळते आणि दिल्लीला मित्र मिळतात. चीनही याच वाटेने जातो, फक्त त्याच्या रकमा कितीतरी मोठ्या असतात.

ऊसपट्ट्यातल्या वाचकाने यातले एक कर्ज नीट पाहावे. इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी भारताने 64 कोटी डॉलर मंजूर केले. फिंचा आणि वोंजी या जुन्या कारखान्यांचा विस्तार आणि आफार प्रांतात तेंदाहोचा नवा कारखाना, अशी ती योजना होती. तेंदाहोच्या रानात आधी कपाशी होती, शेवगावात आहे तशीच. आवाश नदीकाठची ही जमीन आफार पशुपालकांची उन्हाळी चराई. धरण आणि ऊस आल्यावर ती आक्रसली. कारखाना वर्षानुवर्षं रखडला. साखर उशिरा निघाली, कर्ज मात्र वेळेवर चढत राहिले. 2023 अखेर इथिओपियाने युरोबाँडवरील व्याजाचा हप्ताही भरला नाही. त्या संकटाला युद्धासह अनेक कारणं आहेत. पण रखडलेले प्रकल्प असा बोजा वाढवतातच.

वेगळी वाट शेवगावच्याच जिल्ह्याने पाहिली आहे. जर्मनीच्या अनुदानावर आणि नाबार्डच्या साथीने इथे पाणलोटाची कामं झाली. तिथे गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची आणि ग्रामसभेने निवडलेल्या पाणलोट समितीने काम सांभाळायचे, अशी अट होती. पैसा परका असला तरी निर्णयात गाव होते.

भारताने कर्ज जरूर द्यावे. आफ्रिकेला यंत्रं हवीत, आपल्याकडे ती बनवण्याचे कसब आहे. पण ज्याची जमीन जाणार त्याची संमती आणि पुनर्वसन या अटी करारातच असाव्यात आणि पहिला हप्ता सुटण्याआधी त्या पूर्ण व्हाव्यात. नाथसागराखाली गेलेल्या गावांना हे संरक्षण वेळेत मिळाले नाही. पुढच्या कर्जांत आफारसारख्या पशुपालकांना ते देणे भारताच्या हाती आहे.