रोज अठरा नोव्हेंबर

पॅरिसच्या एका हॉटेलात नाश्त्याच्या वेळी कुणाच्या तरी हातून पावाचा तुकडा खाली पडतो. यात पाहण्यासारखं काय? पण टारा सेल्टरनं हे कालच पाहिलंय. तोच माणूस, तोच पाव, पडणंही तितकंच सावकाश. वर्तमानपत्रावर तारीखसुद्धा कालचीच, 18 नोव्हेंबर. सगळ्यांसाठी दिवस नवाकोरा. टाराला मात्र तो पाठ!

डॅनिश लेखिका सोल्वाय बॅले यांच्या सात खंडांत योजलेल्या कादंबरीची ही कळ. दिवस अडकण्याची कल्पना सिनेमावाल्यांनी वापरून गुळगुळीत केली आहे. बॅले यांची कमाल आहे ती त्या दिवसाच्या नियमांत. टाराचा हात हीटरवर भाजतो. तारीख हलत नाही, जखम मात्र दिवसागणिक भरत जाते. ती जिथं झोपते तिथंच जागी होते. नवरा थॉमस रोज सकाळी सगळं विसरलेला असतो. त्याला पहिल्यापासून सांगायचं, त्यानं विश्वास ठेवायचा आणि उद्या पुन्हा पाटी कोरी. सर्वांत अजब म्हणजे, तिनं खाल्लेल्या वस्तू दुकानात परत येत नाहीत. फळ्या रिकाम्या होत जातात. काळ सरत नाही, पण तिच्या वापरानं जग सरू लागतं! आणि ऋतू हवे असतील तर? हिवाळ्यासाठी उत्तर गाठायची, उन्हासाठी दक्षिण. कॅलेंडरचं काम नकाशाकडून करून घ्यायचं.

इतका काटेकोर हिशेब एका बैठकीत जमत नाही. 1962 मध्ये दक्षिण जटलंडमध्ये जन्मलेल्या बॅले यांचं पहिलं पुस्तक 1986 चं. 1993 च्या ‘कायद्यानुसार’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकानं त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. नंतर त्या साहित्यवर्तुळापासून दूर, एरो नावाच्या छोट्या बेटावर राहायला गेल्या. अडकलेल्या दिवसाची कल्पना मात्र 1980 च्या दशकापासूनच त्यांच्या मनात होती, याच कल्पनेवरचा ‘ग्राउंडहॉग डे’ हा चित्रपट येण्याच्याही आधी. पहिला खंड निघाला 2020 मध्ये, तोही त्यांच्या स्वतःच्या चिमुकल्या प्रकाशनातर्फे.

पुढं 2022 मध्ये पहिल्या तीन खंडांना नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार मिळाला. बार्बरा हॅवलंड यांनी इंग्रजीत आणलेला पहिला खंड 2025 च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होता; त्या वर्षीचा मान बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांनी पटकावला.

दिवस का अडकला, याचं उत्तर पहिल्या खंडात मिळत नाही. तरी वाचक हटून बसत नाही. नियम इतके पक्के आहेत, की कारण विचारायचं सोडून तो टाराबरोबर पुढचा प्रयोग करायला निघतो.