गॅरेजातली बुगाटी

मंडळी, परसात गोणपाटाखाली पडलेली जुनी मोटार आपण सरळ भंगारात घालतो. इंग्लंडात न्यूकॅसल येथे एका डॉक्टरांच्या गॅरेजात १९३७ सालची बुगाटी सुमारे ५० वर्षे धूळ खात उभी होती. डॉक्टर वारले, तेव्हा ती उजेडात आली. तिचे पहिले मालक शर्यतवीर अर्ल हाऊ. २००९ साली पॅरिसच्या लिलावात तिला सुमारे ३४ लाख युरो आले. कारण मूळचे भाग बहुतेक शाबूत!

अशी गाडी घ्यायची तर आधी चासी व इंजिनावरचे नंबर कागदांशी ताडून पाहावेत. हौसेने लगेच सुरू मात्र करू नका बरं! सिलिंडर आतून कोरडे पडलेले असतात. पिस्टन घासला की इंजिनच गेले. प्लग काढून थोडे तेल सोडा, मुरू द्या, मग हाताने हळू फिरवा. टाकीतले शिळे पेट्रोलही काढून टाका, ते चिकट झालेले असते. आणि रंग? तो तसाच राहू द्या.